बचावातून आक्रमणात

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'विषय कोणताही चालेल' असं लिहिलं होतं. आता भोगा. आपल्या बॅचच्या ग्रुपवर पावसात गळणारा नववीचा वर्ग, मधल्या सुट्टीतले डबे आणि गॅदरिंगमधली फजिती यांवर इतकं लिहून झालंय की माझ्याकडे वेगळं काही शिल्लक नाही. म्हणून मी इतिहास लिहिणार आहे, आणि तोही अशा खेळाचा, जो तुमच्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवर दोन मिनिटं पाहून चॅनल बदललेला असेल. अमेरिकन फुटबॉल.

इतिहासाच्या बाई हे वाचणार आहेत याची मला जाणीव आहे. 'कारणे द्या' या प्रश्नात परिणामानंतर घडलेली गोष्ट कुणी कारण म्हणून ठोकून दिली, तर बाई चूक शब्दांत सांगायच्या नाहीत. फक्त तो सन लाल शाईने गोल करायच्या. पुढच्या पानांवरचे सन मी दोनदा तपासलेत, बाई.

विषयाचं मूळ मात्र पी.टी.च्या सरांकडे जातं. मी शाळेच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचे. घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, एवढं एकच काम मला येत होतं. नववीत असताना आंतरशालेय सामन्यात आपल्या मुख्य चढाईपटूचा पाय मुरगळला आणि सरांनी मला चढाईला पाठवलं. 'सर, मला चढाई येत नाही' असं मी रडवेल्या आवाजात म्हणाले. सर म्हणाले, 'पकड कशी बसते ते माहिताय ना? मग ती कुठे बसणार तेही तुला आधी कळेल. जा.' पहिल्याच चढाईत माझी पकड झाली. दुसऱ्या चढाईत एक गडी बाद केला. सामना आपण हरलो, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. पुढे वीस वर्षांनी, घरापासून हजारो मैलांवर, मला त्याच वाक्यावर उभी असलेली एक गोष्ट सापडली.

आधी खेळ थोडक्यात सांगते, म्हणजे गोष्ट कळेल. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू, ते आक्रमण करतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. आक्रमणाचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. तो चेंडू फेकतो किंवा पळणाऱ्या गड्याच्या हातात देतो. त्याच्यासमोर पाच धिप्पाड माणसांची भिंत असते: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि टोकांना टॅकल. समोरच्या बचाव फळीतलेही तितकेच धिप्पाड लोक ही भिंत फोडून क्वार्टरबॅकला गाठायला बघतात.

आता यातली गंमत बघा. नावं उलटी पडली आहेत. 'बचाव' करणारा फळीतला माणूस प्रत्यक्षात हल्ला करतो. चेंडू दिसला की सुटायचं, समोरच्याला हाताने बाजूला झटकायचं, वाट दिसेल तिथून घुसायचं. आणि 'आक्रमण' करणाऱ्या संघातला गार्ड बहुतेक वेळ राखणदारी करतो. चेंडू हलेपर्यंत त्याने हलायचंही नाही, हलला तर पाच यार्डांचा दंड. समोरच्याला हातांनी ढकलायचं, पण धरायचं नाही, धरलं तर दहा यार्डांचा दंड. क्वार्टरबॅक चेंडू फेकणार असेल तेव्हा त्याने मागे मागे सरकत सव्वाशे किलोच्या माणसाला अडवायचं असतं. चेंडू कुठे आहे हे बघायलाही वळायचं नाही. सेंटर सोडला तर या पाचांपैकी बाकीच्यांच्या हाताला अख्ख्या मोसमात चेंडू लागला नाही, तरी नवल नाही. त्यांचं नाव समालोचक घेतो ते बहुधा दंड झाल्यावरच. म्हणजे एखादा खेळाडू बचावाकडून आक्रमणाकडे गेला, असं आपण म्हणतो तेव्हा कामाच्या दृष्टीने तो तोडणाऱ्याचा राखणारा झालेला असतो.

आपल्या कबड्डीत हा प्रश्नच नाही. सातजणांपैकी कुणीही चढाई करावी, आणि प्रत्येकाने पकडीला उभं राहावंच. अमेरिकन फुटबॉलही आधी असाच होता. बदली खेळाडूंवर कडक बंधनं होती, त्यामुळे तेच अकराजण आक्रमणही करायचे आणि बचावही. कॉलेजच्या खेळात १९४१ मध्ये हे नियम सैल झाले, आणि पाठोपाठ महायुद्धामुळे धडधाकट पोरं सैन्यात गेल्यावर १९४३ मध्ये व्यावसायिक लीगनेही बंधनं ढिली केली. हेतू साधा होता, माणसं कमी आहेत तर आलटून पालटून वापरा. परिणाम वेगळाच झाला. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये मिशिगन विद्यापीठाचा प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर याची गाठ आर्मीच्या बलाढ्य संघाशी होती. त्याने आपल्या पोरांचे सरळ दोन गट केले, एक फक्त आक्रमणाचा आणि एक फक्त बचावाचा. मिशिगन हरलं, २८-७. पण आर्मीला त्यांनी अपेक्षेपेक्षा बराच वेळ झुंजवलं, आणि कल्पना सगळीकडे पसरली. कॉलेजांनी १९५३ मध्ये पुन्हा जुने नियम आणून ती थोपवायचा प्रयत्न केला, तोही साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत संपला. व्यावसायिक लीगने तर १९५० पासूनच मुक्त बदलीला कायमची परवानगी दिली होती.

दोन्हीकडे खेळणारी जात मग नाहीशी होत गेली. तिचा शेवटचा मोठा प्रतिनिधी मानतात तो फिलाडेल्फिया ईगल्सचा चक बेडनारिक. महायुद्धात बॉम्बर विमानात तोफची म्हणून तीस मोहिमा केलेला माणूस. १९६० मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, संघातले लोक जायबंदी झाल्यावर तो सेंटर आणि लाइनबॅकर अशा दोन्ही जागी खेळला. त्या मोसमाच्या अंतिम सामन्यात ईगल्स १७-१३ ने पुढे असताना ग्रीन बेचा जिम टेलर शेवटच्या क्षणी गोलरेषेकडे सुटला होता. बेडनारिकने त्याला लोळवलं आणि वेळ संपेपर्यंत अंगावरून उठलाच नाही. (हा प्रकार आपल्या सरांना आवडला असता.)

त्यानंतर मात्र खेळाडूवर लहानपणीच शिक्का बसायला लागला. शाळेत बचावाला उभा केला की कॉलेजात बचाव, कॉलेजात बचाव तर पुढेही बचाव. आपल्याकडे दहावीच्या टक्क्यांवर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स ठरतं आणि मग आयुष्यभर माणूस 'सायन्सवाला' राहतो, तसंच. शिक्का पुसून पलीकडे जायचं तर दोन गोष्टी लागतात. जागेऐवजी माणूस बघणारं कुणीतरी, आणि चाललेलं सोडून शून्यापासून शिकायची त्या खेळाडूची तयारी.

जागेऐवजी माणूस बघण्याची गोष्ट निघाली की मला डॅलस काउबॉइज आठवतात, आणि इथे माझ्या धंद्याचा थेट संबंध येतो. या संघाचा सर्वेसर्वा टेक्स श्राम पूर्वी टीव्हीत होता. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या प्रक्षेपणाच्या वेळी त्याने आयबीएमची यंत्रं निकाल कसे झटपट काढतात ते पाहिलं होतं. खेळाडू निवडायला हे वापरता येईल का, असं त्याच्या मनात आलं. आयबीएमच्या एका उपकंपनीने त्याच्यासाठी जो माणूस कामाला लावला, त्याचं नाव होतं सलाम कुरेशी. अलीगढला शिकलेला, संख्याशास्त्र जाणणारा भारतीय. त्याला क्रिकेट माहीत होतं, अमेरिकन फुटबॉल अजिबात नाही.

माझ्या मते हेच कामाला आलं. मैदानोमैदानी हिंडणारे निवडकर्ते खेळाडूंबद्दल जे लिहून आणत, त्यात प्रत्येकाची भाषा वेगळी. एकाचा 'चपळ' तो दुसऱ्याचा 'बरा'. खेळ न कळणाऱ्या कुरेशीने त्यांना प्रश्न विचारून विचारून या शेकडो गुणांची छाननी केली, आणि शेवटी पाच गट उरले: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, जिद्द, बुद्धीची तल्लखता, आणि ताकद व तिचा स्फोट. या यादीकडे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक टेबल डिझाइन पाहावं तसं पाहिलं, आणि मनातल्या मनात टाळी वाजवली. पाचही गुण माणसाचे आहेत. तो कुठल्या जागेवर खेळतो याच्याशी त्यांचा संबंध नाही.

याच संघाने बास्केटबॉलमधून कॉर्नेल ग्रीनला उचलून बचावात उभं केलं होतं. आणि १९६७ च्या वार्षिक निवडीत, सातव्या फेरीत, त्यांनी रेफील्ड राइटला घेतलं.

राइट जॉर्जिया राज्यातल्या ग्रिफिन गावचा. आई आणि आजीने वाढवलेला. शाळेत असताना फुटबॉलच्या संघात त्याची निवडच झाली नाही, म्हणून तो बास्केटबॉल खेळला, आणि त्या जोरावर फोर्ट व्हॅली स्टेट कॉलेजात गेला. हे कृष्णवर्णीयांचं कॉलेज. दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या संघांची दारं त्या काळात अशा मुलांना जवळपास बंदच होती. तिथले प्रशिक्षक स्टॅन लोमॅक्स यांनी या उंच पोराला फुटबॉलकडे ओढलं. आधी बचावात सर्वांत मागे उभा राहणारा सेफ्टी, मग बचाव फळीच्या टोकाला, मग आक्रमणात टाइट एंड, असं त्यांनी त्याला जवळपास सगळं मैदान फिरवून आणलं. डॅलसमध्येही पहिली तीन वर्षं तसंच चाललं. कधी टाइट एंड, कधी बचाव, कधी बदली टॅकल. सहा फूट सहा इंच उंचीचा, अडीचशे पौंडांवरचा माणूस, आणि कुठलीच जागा त्याची नाही.

१९६९ च्या मोसमात संघाचे टॅकल जायबंदी झाले, तेव्हा प्रशिक्षक टॉम लँड्रीने राइटला उजव्या टॅकलच्या जागी उभं केलं. आपण ही जागा कधी धड खेळलेलो नाही, असं राइटने त्याला सांगून पाहिलं. लँड्रीला ते माहीत होतंच. त्याचा भरवसा होता तो राइटच्या पायांवर आणि शिकण्याच्या वेगावर. लँड्री स्वतः न्यूयॉर्क जायंट्सकडून बचावात खेळलेला, आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी घेतलेला. आम्हा इंजिनिअर लोकांना ही माहिती जरा जास्तच आवडते.

पहिल्याच सामन्यात राइटसमोर आला लॉस एंजेलिस रॅम्सचा डीकन जोन्स. त्या काळातला सर्वांत भयंकर बचावपटू. चेंडू सुटताक्षणी समोरच्याच्या शिरस्त्राणावर सणसणीत चापट मारून त्याला क्षणभर बधिर करायचं, हे त्याचं हत्यार. पुढे १९७७ मध्ये लीगला त्यावर बंदी घालावी लागली. राइट वाकून, हात जमिनीला टेकवून, चेंडू हलायची वाट बघत उभा होता. समोरून जोन्सने विचारलं, तू इथे आलायस हे तुझ्या आईला माहिताय का? राइट गोंधळला. ज्या आईने वाढवलं तिचं नाव या माणसाने का काढावं, हे कळेपर्यंत चेंडू सुटला होता आणि राइट उताणा पडला होता. हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा. नंतरच्या प्रत्येक प्रयत्नात मात्र तो जोन्ससमोर टिकून राहिला, आणि पुढच्या वर्षी उजव्या टॅकलची जागा कायमची त्याची झाली. तेरा मोसम तो डॅलसकडून खेळला. त्या काळात संघाने पाच वेळा सुपर बोल गाठला आणि दोनदा जिंकला. संघाच्या इतिहासात एका मोसमात हजार यार्ड धावणारा पहिला गडी, कॅल्विन हिल, १९७२ मध्ये झाला तो याच फळीच्या मागून.

२००६ मध्ये राइटचं नाव ओहायो राज्यातल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं. तिथे सन्मान स्वीकारताना आपली ओळख कुणी करून द्यायची हे खेळाडू स्वतः ठरवतो. राइटने लँड्रीच्या किंवा डॅलसच्या कुठल्या बड्या माणसाऐवजी आपल्या कॉलेजच्या लोमॅक्स सरांना बोलावलं. भाषणात त्याने शाळेत आठवीत पाठ केलेली कविता म्हटली. हे वाचताना मी बराच वेळ थांबले होते. ही बाजू सांगितली तर दुसरीही सांगायला हवी. डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या आघातांनंतर पुढे त्याला स्मृतिभ्रंशाने गाठलं, आणि २०१४ मध्ये त्याने ते जाहीरपणे सांगितलं. एप्रिल २०२२ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी तो गेला.

आता ज्याच्यामुळे मी या सगळ्यात पडले, त्याच्याकडे येते. २०१२ च्या सुमारास आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहत होतो. मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. गावात सीहॉक्स संघाचं वेड होतं. शुक्रवारी ऑफिसात निम्मे लोक निळ्या-हिरव्या जर्सी घालून यायचे. माझ्या टीममधल्या एका सहकाऱ्याच्या जर्सीवर ६४ आकडा होता. बाकी सगळ्यांच्या पाठीवर क्वार्टरबॅक रसेल विल्सनचा ३. हा ६४ कोण, म्हणून मी विचारलं, आणि तिथून जे. आर. स्वीझी माझ्या आयुष्यात आला.

स्वीझी नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचा बचावपटू, फळीच्या मधोमध खेळणारा डिफेन्सिव्ह टॅकल. गार्ड म्हणून तो कॉलेजात खेळलाच नव्हता. २०१२ च्या निवडीत सीहॉक्सने त्याला सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत घेतलं, एकूण २२५ वा. आक्रमण फळीचा प्रशिक्षक टॉम केबल याने त्याला गार्ड करायचं म्हणूनच घ्यायला लावलं होतं. केबलची पद्धत अशी की पाचही जणांनी एकाच वेळी, एकाच दिशेला पाऊल टाकायचं. नेमून दिलेला माणूस नाही, नेमून दिलेली जागा अडवायची. तिला नुसतं वजन उपयोगाचं नाही, चपळ पाय आणि अंगातला झपाटा लागतो. आणि असे तगडे पण चपळ लोक बहुतेक बचावात असतात, कारण शाळाकॉलेजांतले प्रशिक्षक आपली चपळ पोरं आधी तिकडेच वळवतात. बाकीचं शिकवता येईल, असा केबलचा हिशोब होता.

शिकायचं काय काय, ते ऐका. बचावात समोरचा हलला की आपण हलायचं, इथे आपण आधी ठरल्याप्रमाणे हलायचं. बचावात पुढे झेपावणं हा गुण, इथे तोच दोष, कारण पुढे झुकलेल्या गार्डला बाजूने टाळणं सोपं असतं. बचावात हातांनी ओढता येतं, इथे हात समोरच्याच्या छातीबाहेर गेले की पंचांचा पिवळा रुमाल पडतो. फायदा एकच: चेंडू नेमका कधी सुटणार हे इथे आधी माहीत असतं. आणि हो, समोरचा काय करणार याचा अंदाज. ते काम काल-परवापर्यंत आपणच करत होतो ना!

निवड झाली एप्रिलमध्ये. ९ सप्टेंबर २०१२ ला अ‍ॅरिझोनाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात स्वीझी उजव्या गार्डच्या जागी उभा होता. अवघ्या पाचेक महिन्यांत! त्याच्या मागे विल्सन, तोही पहिलाच सामना खेळणारा. हे दोघे कॉलेजात एकाच संघात होते. तिथल्या सरावात स्वीझी विल्सनच्या समोरच्या बाजूला असायचा, इथे त्याची राखण करायची होती. सामना सीहॉक्स २०-१६ ने हरले आणि स्वीझीला पुन्हा बाकावर बसवलं. मोसमाच्या शेवटी तो परत आला, २०१३ मध्ये स्थिरावला, आणि २ फेब्रुवारी २०१४ ला सीहॉक्सने डेन्व्हरला ४३-८ असं धुऊन सुपर बोल जिंकला तेव्हा उजवा गार्ड तोच होता. मिरवणुकीला सात लाख लोक आले होते म्हणतात. कडाक्याच्या थंडीत मीही त्या गर्दीत होते, आणि मला विसर्जनाची आठवण येत होती, फक्त ढोल नव्हते.

केबलचा हिशोब दरवेळी बरोबर आला नाही. २०१५ मध्ये घेतलेल्या क्रिस्टियन सोकोलीला त्याने असंच बचावातून सेंटर करायला घेतलं. जमलं नाही, वर्षभरात त्याला परत बचावात पाठवलं, आणि मग तो संघाबाहेर गेला. अशांची नावं कुणाच्या जर्सीवर नसतात.

२०१४ च्या उन्हाळ्यात माझ्यावर तीच वेळ आली. आमच्या कंपनीने टेस्टर हे पदच काढून टाकलं. ज्यांना जमेल त्यांनी डेव्हलपर व्हावं, बाकीच्यांनी रजा घ्यावी, असं सभ्य भाषेत सांगण्यात आलं. मी पस्तिशीची, मुलगा चार वर्षांचा, व्हिसा नोकरीला बांधलेला. दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधण्यात मी तेरा वर्षं काढली होती, आणि त्यात मी चांगली होते. खोटी नम्रता कशाला? आता माझं कोड दुसरे फोडणार होते. पहिले काही महिने मी रोज एकच चूक करायचे. कुठे काही मोडलेलं दिसलं की हातातलं अर्धवट सोडून त्याच्या मागे धावायचे. टीम लीडने एकदा शांतपणे सांगितलं, तो भाग दुसऱ्याचा आहे, तू तुझी जागा सोडू नकोस. त्या रात्री मी स्वीझीच्या जुन्या सामन्यांचे व्हिडिओ काढून बसले. नवऱ्याला वाटलं, माझं डोकं फिरलंय.

पी.टी.च्या सरांचं वाक्यही याच दिवसांत आठवलं. पकड कुठे बसते ते मला ठाऊक होतं. तेरा वर्षं लोकांची कोडं कुठे मोडतात ते पाहिलेलं असल्यामुळे माझं कुठे मोडेल याचा अंदाज मला इतरांपेक्षा आधी यायचा. वेग मात्र त्यांचाच जास्त होता, आणि अजूनही आहे. माझ्याबरोबरच्या दोघी टेस्टर होत्या, माझ्याइतक्याच हुशार. एकीला जमलं नाही, दुसरीला करायचंच नव्हतं. दोघी कंपनी सोडून गेल्या.

स्वीझीने २०१६ मध्ये टँपा बेशी पाच वर्षांचा, सव्वातीन कोटी डॉलरचा करार केला, आणि पाठीच्या दुखण्याने पहिला अख्खा मोसम घरी बसला. २०१८ मध्ये टँपाने सोडल्यावर तो सीहॉक्सकडे परतला. त्या वर्षी मी मुलाला घेऊन पहिल्यांदा स्टेडियममध्ये सामना बघायला गेले. तिकिटं स्वस्तातली, जागा पार वरची. कानठळ्या बसवणारा आवाज, आणि मी दुर्बीण डोळ्यांना लावून फक्त ६४ नंबरकडे बघत होते. अचानक सगळं स्टेडियम उठून ओरडायला लागलं. मुलगा माझी बाही ओढून विचारत होता, 'आई, काय झालं? बॉल कुठेय?' मला काहीच कल्पना नव्हती.